काच बंद ठेवा

"अण्णा, काच बंद ठेवा. एसी लावलाय."

एवढंच बोलले होते मी. ओरडले नव्हते. पण आवाजाला जी धार होती ती माझी मलाच ऐकू आली. मागच्या सीटवरून अण्णा म्हणाले, "बरं." मे महिन्यातली दुपार, दीड वाजून गेलेला, मोबाइल ४३ अंश दाखवत होता. सात रस्त्याजवळच्या छातीच्या डॉक्टरांकडे त्यांना दाखवून आम्ही घरी निघालो होतो आणि चार पुतळ्यांपाशी गर्दीत अडकलो. पुढे बस, बसच्या मागे रिक्षा, रिक्षांच्या मागे आम्ही. अण्णांनी बटण दाबून काच चार बोटं खाली घेतली, तशी भट्टीचं दार उघडावं तशी हवा आत आली. मी माझ्या बाजूच्या बटणानं ती काच परत वर घेतली आणि ते वाक्य बोलले. खरं म्हणजे तोवर मलाही कळलं होतं. सात रस्त्याहून निघताना गार येणारी हवा गाडी थांबल्यापासून कोमट होत होत आता चक्क गरम येत होती. तरी मी काच बंदच ठेवायला लावली, कारण दहाच दिवसांपूर्वी त्या एसीत गॅस भरायला मी अठराशे रुपये मोजले होते. पैसे मोजलेत म्हणजे गार यायलाच हवं, असा माझा हट्ट होता. घरी पोचल्यावर हात देऊन त्यांना उतरवलं तर सदरा पाठीला चिकटलेला आणि सीटच्या कापडावर पाठीएवढी ओल उमटलेली. एक शब्द बोलले नाहीत. चपला कोपऱ्यात काढल्या, माठातलं पाणी स्वतःच्या हातानं घेतलं आणि कूलरसमोरच्या खुर्चीत जाऊन बसले.

ते "बरं" मला झोपू देईना.

उन्हाची तक्रार करायची नाही, हे आम्हा सोलापूरकरांच्या अंगातच मुरलेलं असतं. दुपारी बाहेर पडायचं तर डोक्याला ओला पंचा, कांदा खिशात, आणि परत आल्यावर लगेच पाणी प्यायचं नाही, आधी दहा मिनिटं बसायचं. लहानपणी संध्याकाळ झाली की अण्णा गच्चीवर बादलीनं पाणी मारायचे. पहिल्या बादलीला फरशी चर्र करायची, तिसऱ्या-चौथ्या बादलीनंतर कुठे तिच्यावर पाय ठेवता यायचा. मग चादरी अंथरून आम्ही सगळी भावंडं ओळीनं झोपायचो. आमच्याकडचं ऊन कोरडं, म्हणून माठ आणि वाळ्याचा कूलर इथे जसा चालतो तसा कोकणात चालत नाही. पाणी हवेत उडून जाताना सोबत गरमी घेऊन जातं आणि मागे गारवा ठेवतं. गाडीच्या एसीत वेगळं काही घडत नाही, हे मला पन्नाशीला आल्यावर एका गॅरेजच्या दारात उभं राहून समजलं. तिथेही एक द्रव उडतो, त्याची वाफ होते, आणि ती गाडीतली गरमी पिऊन घेते. फरक इतकाच की माठातलं पाणी उडालं की उडालं. गाडीतल्या त्या वाफेला परत द्रव व्हावं लागतं, आणि त्यासाठी प्यायलेली सगळी गरमी तिला बाहेर कुठेतरी टाकावी लागते.

पण तेव्हा मला हे माहीत नव्हतं. माहीत होता तो एकच शब्द, गॅस. एसी गार करत नाही म्हटलं की शेजारी, ऑफिसातले, मेहुणे, सगळे एकाच सुरात सांगतात, "गॅस संपला असेल, भरून घे." गेल्या उन्हाळ्यात मी एका दुकानात जाऊन गॅस भरून घेतला. या एप्रिलच्या शेवटी परत. दोन्ही वेळा पोरानं बॉनेट उघडलं, नळीला पाइप जोडला, आधीचा गॅस फिस्सकन हवेत सोडून दिला आणि डब्यातून नवा भरला. किती भरला, कशावरून भरला, मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. जाळीसमोर हात धरून "बघा मॅडम, चिल्ड," म्हणाला, आणि खरंच गार होतं. सकाळची वेळ होती ती. मी खूश होऊन पैसे दिले. पावती मागितली नाही, याचा राग आज येत नाही. प्रश्न विचारला नाही याचा येतो.

अण्णांनी विचारला असता. एकेचाळीस वर्षं गिरणीत साचेखात्यात, म्हणजे जिथे मागावर कापड विणतात तिथे, काढलेला माणूस आहे तो. शेवटची सोळा वर्षं जॉबर, म्हणजे साच्यांवरचे मुकादम होते. शेकडो साचे एका वेळी चालू असताना त्या खात्यात शेजारच्याचं बोलणंसुद्धा ऐकू यायचं नाही, माणसं ओठांकडे बघून बोलायची. पण त्या गदारोळातून एका साच्याचा धोटा नीट बसत नाहीये हे अण्णांना चालता चालता कळायचं. ते म्हणायचे, साचा आधी आवाजानं सांगतो, मग वासानं, आणि दोन्ही ऐकलं नाहीस तर मग कापडावर लिहून दाखवतो. घरी शिलाई मशिन अडलं तरी ते आधी स्क्रूड्रायव्हर मागायचे नाहीत. नुसतं चाक हातानं फिरवून बघायचे, डोळे मिटून. आईला त्याचा वैताग यायचा. मला तेव्हा गंमत वाटायची.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी मी म्हटलं, "अण्णा, गाडी दाखवून येते." ते पेपर खाली ठेवून म्हणाले, "मी येऊ का?" त्यांच्या विचारण्यात आदल्या दिवशीचं काहीच नव्हतं. मला मात्र त्यांच्याकडे बघवेना.

अक्कलकोट रस्त्यावर, एमआयडीसीच्या अलीकडे, एका लिंबाच्या झाडाखाली हे गॅरेज आहे. चालवणाऱ्याला सगळे उस्ताद म्हणतात. साठीचा माणूस, दाढीला मेंदी, शर्टाच्या खिशात थर्मामीटर. त्यानं बॉनेटला हातच लावला नाही. आधी विचारलं, "चालत्या गाडीत गार येतंय, आणि थांबली की गरम होऊलालंय, असंच ना ताई?" मी चकित झाले. हो, असंच होत होतं. हायवेला लागले की गार आणि गावात शिरले की गरम, हे मी महिनाभर अनुभवत होते, पण त्याला काही अर्थ असेल असं मनात आलं नव्हतं. मी म्हटलं, गॅस परत संपला असेल. त्यावर तो हसला नाही, शांतपणे म्हणाला, "गॅस काय पेट्रोल हाय का ताई, जळून संपायला? बंद नळीत फिरत असतंय ते. कमी झालं म्हंजे कुठनं तरी गळालंय. आणि गळालं असंल तर तिथं तेल दिसतंय. बघू की आधी."

मग त्यानं बघायला सुरुवात केली, आणि अण्णा काठी टेकत त्याच्या बाजूला जाऊन उभे राहिले. इंजिन चालू, एसी चालू. उस्तादनं कान दिला. टक् असा आवाज आला. "क्लच लागला," तो म्हणाला. म्हणजे कॉम्प्रेसर फिरतोय, फ्यूज-रिले ठीक आहेत. मग कॉम्प्रेसरच्या दोन नळ्यांवर आळीपाळीनं हात ठेवला. जाड नळी गार हवी, तिला घाम सुटलेला हवा. ती नुसतीच थंडगार म्हणावी इतकीही नव्हती. बारीक नळीवरून त्यानं हात झटकन मागे घेतला. सांध्यांवरून एक पांढरं फडकं फिरवलं, बोटांनी तपासलं, ते कोरडं निघालं. तेल नाही, म्हणजे गळती नाही. मग त्यानं झाडाच्या बुंध्याशी पडलेला कालचा पेपर उचलला, त्याचं एक पान फाडलं आणि गाडीच्या नाकाशी, जाळीवर टेकवून सोडून दिलं. आत पंखा तर फिरत होता, आवाज येत होता. पंख्यानं ते पान ओढून धरायला हवं होतं. पान क्षणभर थरथरलं आणि खाली पडलं.

अण्णा म्हणाले, "ओढत नाही."

"ओढत नाही ना मालक," उस्ताद म्हणाला. दोघांनी एकमेकांकडे असं बघितलं की मला त्या जागी आपण उगाचच उभ्या आहोत असं वाटलं.

मग गॅसचा दाब दाखवणारी दोन घड्याळं जोडली, निळं आणि लाल. लाल काटा ३५० च्या पुढे जाऊन थरथरत होता, आणि थोड्या वेळानं टक् करून क्लच सुटला. इतका दाब चढला की कॉम्प्रेसर फुटू नये म्हणून गाडी स्वतःच त्याला बंद करते. तेव्हाच तर चार पुतळ्यांपाशी आम्हाला शुद्ध उन्हाळा मिळत होता. उस्तादनं अण्णांना पुढच्या सीटवर बसवलं, एसीच्या जाळीसमोर हात धरायला सांगितला, खिशातला थर्मामीटरही तिथेच खोचून दिला. आणि हौदातून एक तांब्या पाणी घेऊन त्यानं ते गाडीच्या नाकातून आत, कंडेन्सरवर ओतलं. वाफेचा एक श्वास बाहेर आला. दुसरा तांब्या. तिसरा. लाल काटा उतरायला लागला, ३००, २८०, २५० च्याही खाली. माझं सगळं लक्ष काट्याकडे होतं. आतून अण्णांचा आवाज आला.

"आलं. आलं गं, गार आलं."

गच्चीवर मारलेल्या बादल्या आठवल्या मला.

"आतली गरमी इथनं बाहेर जायला पायजे," उस्ताद त्या जाळीवर बोट ठेवून म्हणाला. "गाडी पळती तवा वारंच गरमी घेऊन जातंय. थांबली की सगळं पंख्यावर. आणि इथंच बंद असंल तर पंखा बिचारा काय करंल." मग त्यानं पुढचा बंपर उतरवला. रेडिएटरच्या पुढ्यात जो कंडेन्सर असतो, ज्याच्या ॲल्युमिनियमच्या पात्या कंगव्याच्या दातांसारख्या दाट असतात, त्यातली एकही पाती दिसत नव्हती. वरपासून खालपर्यंत करड्या रंगाचा एक थर बसला होता. धूळ, पावसाळ्यातला चिखल, आणि त्या सगळ्याला धरून ठेवणारं काहीतरी मऊ. जणू कुणी त्याला गोधडी पांघरली होती. उस्तादनं नखानं कड सोडवली आणि हलकेच ओढली, तशी हातभर लांबीची ती गोधडी एकसंध निघून आली.

अण्णा एव्हाना उतरून जवळ आले होते. त्यांनी त्यातला एक तुकडा चिमटीत घेतला. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये तो हळूहळू चोळला, मातीचा भुगा खाली पडू दिला, आत जे उरलं ते उजेडाकडे धरलं. त्यांच्या उजव्या अंगठ्याचं टोक चपटं आहे, तुटलेलं सूत सांधताना वर्षानुवर्षं पीळ देऊन झालेलं. त्या अंगठ्यावर एक पांढुरका कापसाचा ढग उरला होता. "ही टॉवेलची रुई आहे," ते म्हणाले. "चादरीची नव्हे. चादरीचं सूत जाड असतं, रंगाचं असतं. हिला पीळ कमी आहे. टॉवेलाच्या फुलाचं सूत आहे हे." आणि मग माझ्याकडे बघून, जणू साधी चौकशी करावी तसं, "गाडी कुठं लावतीस तू?"

मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. अकरा वर्षं झाली. आमचे टॉवेल परदेशात जातात; सोलापूरच्या टेरी टॉवेलला आणि चादरीला जीआय मानांकन आहे हे मी बाहेरच्या लोकांना अभिमानानं सांगते. माझी गाडी शेडच्या पूर्वेच्या भिंतीला लागून उभी असते, कारण दुपारी तिथेच तेवढी सावली मिळते. त्या भिंतीत वर मोठे पंखे आहेत, शेडमधली रुई बाहेर फेकणारे. संध्याकाळी निघताना गाडीच्या काचेवर, टपावर पातळ पांढरा थर असतो, वायपरनं मी तो बाजूला करते. गाडी उभी असते तोवर ती रुई नुसती बसून राहते. गाडी चालू केली की पंखा तिला आत ओढून घेतो. अकरा वर्षांत मी दोन गाड्या त्या सावलीत उभ्या केल्या. सावली कुठून येते एवढंच बघितलं.

अण्णांना खोकला आला. चिमटीतली रुई त्यांनी बाजूला टाकली आणि काठीवर ओणवे होऊन ते बराच वेळ खोकत राहिले. उस्तादनं न बोलता स्टूल पुढे केलं. त्यांच्या फाइलमध्ये डॉक्टरांनी जो शब्द लिहिलाय, बिसिनोसिस, म्हणजे रुईच्या धुळीनं जडणारं छातीचं दुखणं, तो गिरणीत कुणाला माहीत नव्हता. तिथे लोक म्हणायचे, सोमवारी छाती भरते. आठवड्याची सुट्टी घेऊन माणूस परत कामावर गेला की पहिल्या दिवशी छाती आवळायची, संध्याकाळी कणकण वाटायची, मंगळवारी बरं वाटायचं, बुधवारी विसरायला व्हायचं. लहानपणी मला वाटायचं, अण्णांना सोमवार आवडत नाही, जसा मला शाळेमुळे आवडत नाही. साचेखात्यात तर हवासुद्धा मुद्दाम दमट ठेवायचे, कोरड्या हवेत सूत तुटतं म्हणून. म्हणजे बाहेर आमचं कोरडं ऊन, आत ओली गरमी, आणि त्या ओल्या हवेत तरंगणारी रुई. सुताची एवढी काळजी घेतली जायची. भोंगा झाला की अण्णा घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर पांढरी लव असायची. आम्ही भावंडं म्हणायचो, अण्णा म्हातारे होऊन आले. आई पदरानं त्यांच्या भुवया पुसायची. आत छातीत काय बसत होतं ते पुसायला कुणाचाही पदर पुरला नसता.

मला तेव्हा आमच्या कारखान्यातल्या बायका आठवल्या. टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या, घड्या घालणाऱ्या. नाकावरून ओढणी गुंडाळून बसतात. मास्क आहेत, कपाटात आहेत, ऑडिटच्या दिवशी निघतात. ते खरेदी केल्याचं बिल माझ्याच सहीनं गेलंय. दुपारी जेवायला त्या याच पूर्वेच्या भिंतीशी, माझ्या गाडीच्या सावलीत डबे उघडतात. पंख्यांच्या बरोबर खाली. त्यांच्यातली एक परवाच मला म्हणाली होती, "मॅडम, सोमवारी लई जड वाटतंय बघा." मी म्हटलं होतं, सुट्टीनंतर सगळ्यांचंच होतं तसं. हे वाक्य बोलताना मी संगणकावरून मान वर केली नव्हती.

उस्तादनं कंडेन्सर मागच्या बाजूनं, पाण्याच्या हलक्या धारेनं धुतला. जोराचा फवारा मारला तर पात्या वाकून बंद होतात, म्हणून ब्रश आणि धीर, एवढंच. वाकलेल्या पात्या एका बारीक फणीनं सरळ केल्या, एखाद्या पोरीच्या केसांतला गुंता सोडवावा तशा. तास गेला त्यात. मग बॉनेटच्या आतल्या बाजूचं एक स्टिकर त्यानं मला दाखवलं, जे मी चार वर्षांत वाचलं नव्हतं: आर १३४ ए, ३८० ग्रॅम. त्यानं गाडीतला सगळा गॅस मशीनमध्ये ओढून घेतला आणि वजन केलं, तर तो ५१० ग्रॅम भरला. म्हणजे गॅस कमी तर नव्हताच, जास्त होता. जास्त गॅस भरला की कंडेन्सर द्रवानंच भरून जातो, वाफेला निवायला जागाच उरत नाही, आणि दाब आणखी चढतो. अठराशे रुपये देऊन मी दुखणं वाढवून घेतलं होतं. आणि त्या दोन्ही वेळा जो गॅस फिस्स करून सोडला गेला तो हवेत गरमी धरून ठेवण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारपटीहून जास्त ताकदीचा असतो. शंभर वर्षांचा हिशेब मांडला तर तसं येतं. आपल्या गाडीतल्या गारव्यासाठी आपण लिंबाच्या झाडाखालच्या सगळ्यांचं ऊन वाढवतो, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं आणि आता कळल्यावर विसरता येत नाही. उस्ताद गॅस हवेत का सोडत नाही, असं मी विचारलं, तर म्हणाला, "पैशाचा माल हाय ताई. आणि सोडायचं म्हंजे कुणाच्या तरी अंगावरच की." अर्धा तास व्हॅक्यूम लावून ठेवला, काटा हलत नाही याची खात्री केली, आणि मग वजन करून ३८० ग्रॅम भरला. एक ग्रॅम इकडे तिकडे नाही.

पेपरचं पान परत जाळीवर टेकवलं. ते चिकटून बसलं. अण्णांनी ते बोटानं काढायचा प्रयत्न केला, सोडलं, ते परत चिकटलं. त्यांनी तीन वेळा तसं केलं.

सोमवारी मी मालकांशी बोलले. पंखे भिंतीच्या वर न्यायचे, त्यांना जाळीची खोली करायची, मास्क कपाटातून बाहेर, आणि डबे खायला दुसरी जागा. "बघू," म्हणाले. मी लेखी दिलंय. गाडी आता उन्हात, गेटबाहेर लावते. स्टिअरिंगला हात लावता येत नाही संध्याकाळी. बायका अजून तिथेच जेवतात, आता गाडीची सावलीही नाही. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये.

पण त्या रविवारचं सांगायचं राहिलं. गॅरेजमधून आम्ही परस्पर सिद्धेश्वराला निघालो, अण्णांच्या मनात होतं म्हणून. बारा वाजत आले होते. एसी असा चालला होता की त्यांनी पंचा खांद्यावरून छातीवर ओढून घेतला. चार पुतळ्यांपाशी गाडी थांबली आणि मला एकदम आठवलं. या जागी अण्णा नेहमी हात जोडतात. मी लहान असताना सायकलवरून उतरून जोडायचे. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेली आमच्या गावची ती चार माणसं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा ही नावं मला शाळेत शिकवायच्या आधी त्यांनी याच चौकात पाठ करून घेतली होती. गाडीत असले की ते काच खाली घेतात. काचेआडून नमस्कार करायचा नसतो, असं त्यांचं म्हणणं. आदल्या दिवशी ते काच खाली घेत होते ती उकडत होतं म्हणून की यासाठी, मी विचारलं नव्हतं. आजही विचारलं नाही. माझ्या बाजूचं बटण दाबून मी त्यांची काच पूर्ण खाली घेतली.

गरम हवेचा लोट आत आला. अण्णा दचकले.

"अगं, एसी लावलाय ना."

"असू दे," मी म्हटलं.

त्यांनी हात जोडले. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला. सिग्नल सुटला होता.